रोजच्या वाटेवरचे शहर डिझायनरच्या कामी येते का?

अर्धमात्रा

नमस्कार. मी दोन वर्षांपासून एका मोठ्या शहरात ग्राफिक डिझायनर म्हणून नोकरी करते आहे. गेल्या महिन्यात स्टुडिओतील वरिष्ठांनी माझे एक काम बराच वेळ निरखले आणि “यात चूक काहीच नाही, पण हे कोणीही केले असते” एवढेच म्हणून ते परत दिले. ते बोलणे मनाला लागले. रात्री विचार करताना लक्षात आले की माझ्या प्रत्येक कामाची सुरुवात पडद्यावर होते. इतरांनी केलेली, कोणीतरी निवडलेली आणि आधीच वाहवा मिळालेली कामे पाहून मी सुरुवात करते, त्यामुळे जे माझ्या हातून उतरते ते त्यांच्याच वळणाचे असते.

म्हणून तीन आठवड्यांपूर्वी एक नेम केला. घरापासून स्टुडिओपर्यंतची चाळीस मिनिटे मोबाइल पिशवीतून काढायचा नाही आणि वाटेत दिसलेली एक तरी गोष्ट रात्री आठवून वहीत काढायची. पहिले दोन दिवस काहीच सुचले नाही. तिसऱ्या दिवशी एका जुन्या इमारतीच्या जिन्याचा लाकडी कठडा दिसला. तो सगळीकडे खडबडीत होता, पण जिना जिथे वळतो तिथे इतका गुळगुळीत झाला होता की त्यावर खिडकीचा उजेड चमकत होता. उतरणारा प्रत्येक माणूस नेमका तिथेच आधार घेत असणार. मग एका दुकानाची पाटी दिसली. तिचा रंग पोपडे धरून निघाला होता आणि खालून आधीच्या दोन दुकानांची नावे डोकावत होती, त्यामुळे एका ‘क’च्या पोटात दुसऱ्याच काळातला ‘ग’ उभा होता. झाडाखालचे कवडसे मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असताना कवडसे गोल का पडतात, हा प्रश्न मला चोविसाव्या वर्षी प्रथमच पडला.

या सगळ्यातून मला फार आनंद मिळतो, दिवसाची सुरुवातच बदलून जाते. परंतु तीन आठवड्यांत कामात मात्र यातले काहीही उतरलेले नाही. माझा प्रश्न असा की ही नजर पुढे कामी येते का, आणि येत असेल तर कोणत्या वाटेने? की आनंद आनंदाच्या जागी आणि काम कामाच्या जागी, असे मानून स्वस्थ राहावे?

तिठा

कवडशांचे उत्तर आधी देतो, कारण ते मला ठाऊक आहे. पानांमधली प्रत्येक बारीक फट सुईच्या छिद्रासारखे काम करते आणि जमिनीवर सूर्याची प्रतिमा पाडते. सूर्य गोल म्हणून कवडसा गोल. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी त्याच झाडाखाली जाऊन पाहा, सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झालेले दिसतील.

बोरू

अर्धमात्रा, तुमचा प्रश्न वाचून मला माझे विद्यार्थिदशेतले एक दुपारचे तीन तास आठवले. ते इथे सविस्तर लिहितो, कारण अक्षरांविषयी मला जे काही समजते त्याचा पाया त्या तीन तासांत घातला गेला.

रस्त्याच्या कडेला एक पेंटर शिडीवर उभे राहून पाटी रंगवत होते. आधी त्यांनी दोऱ्याला खडू चोळला, दोन्ही टोके ताणून धरली आणि मधे चिमटीने दोरा उचलून सोडला. पाटीवर टक् असा आवाज होऊन सरळ रेघ उमटली. अशा चार रेघा झाल्यावर त्यांनी खडूनेच अक्षरांचा अंदाज घेतला. नंतर डाव्या हातात एक काठी धरली, तिचे कापड गुंडाळलेले टोक पाटीला टेकवले आणि उजव्या हाताचे मनगट त्या काठीवर ठेवून कुंचला चालवायला सुरुवात केली. वळण आले की मनगट स्थिर राही आणि कुंचला बोटांतल्या बोटांत फिरे. ‘ळ’ची दोन्ही पोटे त्यांनी श्वास रोखून, कुंचला एकदाही न उचलता काढलेली मी पाहिली. पाटी वाळल्यावर मी त्यांची परवानगी घेऊन पट्टी लावली. डोळ्यांना काना आणि शिरोरेखा एकाच जाडीची दिसत होती, पण पट्टीवर शिरोरेखा स्पष्टपणे बारीक भरली. मी चूक दाखवतो आहे असे त्यांना वाटले असावे. त्यांनी शांतपणे सांगितले की सारखी काढली तर ती सारखी दिसत नाही.

आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा डोळ्याला जाड भासते, म्हणून ती जरा बारीक ठेवावी लागते, हे मुद्राक्षरे घडवणारे सगळेच जाणतात. मी ते पुढे पुस्तकात वाचले, पण तोवर ते माझे झालेले होते. देवनागरीचा जाडबारीकपणा रोमन अक्षरांच्या उलट तिरक्या दिशेने का येतो, याचे उत्तरही मला बोरूचे टोक स्वतःच्या हाताने तासल्यावरच नीट कळले. तेव्हा तीन आठवड्यांत काही उतरले नाही म्हणून खंत करू नका. त्या पाटीवरून मी किमान पाच वर्षे काहीही केले नव्हते.

निळीशाई

बोरू, तुमच्या पेंटरांचे उत्तर मी माझ्या टेबलासमोर लिहून ठेवले आहे.

रोखठोक

धाग्याच्या मूळ सुराशी मी सहमत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. मी बारा वर्षे स्वतंत्रपणे काम करतो. सकाळी मुलाला शाळेत सोडून गर्दीच्या गाडीत उभे राहून प्रवास करायचा असतो आणि त्या गर्दीत सावल्या पाहायला मान वळवण्याइतकीही जागा नसते. शहराकडे सौंदर्याच्या नजरेने पाहायला जो रिकामा वेळ लागतो तो सगळ्यांना मिळत नाही, आणि ज्यांना मिळत नाही त्यांचे काम त्यामुळे हलके ठरते असे मला अजिबात वाटत नाही.

माझा अनुभव असा आहे की काम सुचते ते समोरच्या अडचणीतून. वाचणारा कोण आहे, तो किती घाईत आहे, कागद कोणता, शाई किती, मुदत केव्हाची, या प्रश्नांशी झटता झटता आकार आपोआप ठरत जातो. प्रेरणा हा शब्द या सगळ्या मेहनतीवर पांघरूण घालतो असे मला वाटते. अर्धमात्रा यांच्या वरिष्ठांचे म्हणणे खरे असेलही, पण त्यावरचा उपाय कठड्यात किंवा पोपड्यांत न शोधता, हातातल्या कामाचा प्रश्न अधिक खोलवर समजून घेण्यात शोधावा.

पायवाट

रोखठोक यांचा वेळेविषयीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, परंतु पाहणे आणि प्रश्न समजून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मात्र पटत नाही. मी नगररचनेत काम करते आणि आमच्या क्षेत्रात पाहणे हेच प्रश्न समजून घेण्याचे पहिले साधन आहे. उद्यानात सुबक काटकोनी रस्ते आखले जातात आणि दोन महिन्यांत हिरवळीवरून तिरकी पायवाट पडते. ती आराखड्यावर लोकांनी नोंदवलेली हरकतच असते. ती पुसून कुंपण घालता येते, किंवा ती पाहून रस्ता तिथे हलवता येतो.

विल्यम व्हाइट यांनी 1970 च्या दशकात न्यूयॉर्कमधील मोकळ्या चौकांवर कॅमेरे लावून लोक तिथे कसे वावरतात याचा अभ्यास केला होता. लोक बसतात तिथे, जिथे बसायला जागा असते, हा त्यांचा साधा निष्कर्ष अनेक वास्तुरचनाकारांना तोवर सुचला नव्हता. त्यांनी टिपलेली एक गोष्ट मला फार आवडते. हलवता येणारी खुर्ची असली की माणूस बसण्याआधी ती दोन-चार इंच सरकवतो आणि पुष्कळदा त्या सरकवण्याने ऊन, सावली किंवा दिशा यांत काहीच फरक पडत नाही. खुर्ची आपल्या हाताने हलवली म्हणजे ती जागा काही वेळापुरती आपली होते. मी हे वाचले त्या दिवसापासून लोकांना खुर्च्या सरकवताना पाहणे हा माझा रोजचा आनंद झाला आहे आणि माझ्या आराखड्यांतील जमिनीला ठोकलेली बाके त्यामुळेच कमी झाली आहेत.

रोखठोक

हे उदाहरण मला पटले. मात्र इथे पाहणाऱ्याकडे आधीपासून एक प्रश्न होता, ही बाब लक्षात घ्यावी. कठडा पाहणाऱ्याकडे तो होता का?

निळीशाई

कठडा पाहणारीला प्रश्न नसेल, पण उत्तर मिळाले होते. माणसाचा हात कुठे आधार शोधतो हे तिला आता माहीत आहे. प्रश्न मागाहून येऊ शकतो.

मी कापडाच्या छपाईसाठी नक्षी आणि रंग ठरवते, म्हणून मला शहरात सर्वांत जास्त ओढ दिव्यांची आहे. रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे आता अनेक ठिकाणी जाऊन पांढरे एलईडी आले आहेत. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा जवळजवळ सगळा प्रकाश 589 नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीच्या, म्हणजे एकाच पिवळ्या रंगाच्या, आसपास एकवटलेला असतो, त्यामुळे त्याच्याखाली लाल, निळे, हिरवे असा भेदच उरत नाही, सगळे काही पिवळे आणि करडे होते. लहानपणी त्या उजेडात माझा लाल स्वेटर मातकट दिसला की मला भीती वाटे. पुढे नोकरीत पहिल्याच वर्षी दोन कापडांचे निळे रंग कार्यालयातील नळीदिव्याखाली तंतोतंत जुळले म्हणून मी मान्यता दिली आणि उन्हात नेल्यावर एक निळा राहिला, दुसरा चक्क जांभळट दिसला. एका प्रकाशात जुळणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात फुटू शकतात, हा धडा मला मोठ्या नुकसानीने शिकावा लागला, वास्तविक तो स्वेटर मला कधीच सांगून गेला होता. तेव्हापासून मी रंगाचा तुकडा खिडकीशी, दिव्याखाली आणि संध्याकाळी गच्चीवर असा तीनदा पाहिल्याशिवाय होकार देत नाही.

आणि एक सांगते, यातले काही कामी आले नसते तरी पाऊस थांबल्यावर ओल्या डांबरावर सिग्नलचा लाल रंग लांबच लांब ओघळताना पाहण्यासाठी मी थांबलेच असते.

कडीपाट

मी मोबाइलच्या ॲपचे पडदे आखतो. शहरातील चिन्ह थेट कामात उतरल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ॲपलच्या कीबोर्डवरील कमांडचे चिन्ह. चार कोपऱ्यांना चार वेटोळी असलेला तो चौकोन स्कँडिनेव्हियातील रस्त्यांवर प्रेक्षणीय स्थळ दाखवणाऱ्या पाट्यांवर असतो. सुझन केअर यांनी मॅकिंटॉशसाठी चिन्हे काढताना तोच उचलला. 1984 मध्ये तो संगणक बाजारात आला आणि रस्त्यावरची पाटी जगभरच्या बोटांखाली गेली.

तिठा

कडीपाट, एक दुरुस्ती सुचवतो. केअर यांना ते चिन्ह रस्त्यावर दिसलेले नव्हते, चिन्हांच्या एका कोशात चाळताना सापडले होते. म्हणजे हे उदाहरण रस्त्यापेक्षा ग्रंथालयाच्या बाजूने अधिक बोलते.

कडीपाट

दुरुस्ती मान्य आहे आणि आभारी आहे. मग त्याऐवजी मार्गरेट कॅल्व्हर्ट यांचे उदाहरण देतो. जॉक किनियर यांच्यासह त्यांनी आखलेले ब्रिटनमधील रस्त्यांवरचे फलक 1965 पासून अधिकृतपणे लागू झाले. शाळेजवळच्या जुन्या फलकावर टोपी-दप्तरवाला मुलगा धाकट्या मुलीला पुढे नेत असे. ते चित्र त्यांना मूठभर प्रतिष्ठित शाळांपुरते वाटले, म्हणून त्यांनी मुलीच्या हाती मुलाचा हात दिला आणि ती मुलगी स्वतःच्या लहानपणावरून काढली. जनावरांसाठी सावधगिरीचा जो फलक आहे त्यातील गाय त्यांच्या नातेवाइकांच्या शेतावरची, पेशन्स नावाची होती. इथे मात्र आयुष्यात पाहिलेले थेट कामात उतरले आहे, याबद्दल दुमत नसावे.

त्या फलकांचा आणखी एक भाग मला रोज उपयोगी पडतो. सगळी अक्षरे मोठ्या लिपीत न ठेवता त्यांनी पहिले अक्षर मोठे आणि पुढची लहान ठेवली, म्हणजे शब्दाला वर-खाली जाणारी एक बाह्यरेषा मिळते आणि वेगातल्या चालकाला ती ओळखता येते. आपल्या देवनागरीत हे काम वेलांट्या, मात्रा, रफार आणि उकार करतात, कारण शिरोरेखेने शब्दाचा वरचा काठ तर सरळच करून टाकलेला असतो. असे असताना इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या बटणात मराठी मजकूर बसवला जातो आणि नेमके हेच अवयव कापले जातात. ‘पूर्ण’ या शब्दाचा रफारही गेला आणि ऊकारही गेला तर पडद्यावर ‘पण’ उरतो. मी दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची छायाचित्रे घेऊन दोन ओळींमधले अंतर मोजत गेलो. त्या सगळ्या पेंटरांनी वर मात्रेला आणि खाली उकाराला भरपूर मोकळी जागा सोडलेली होती. ती मोजमापे बैठकीत मांडल्यावर आमच्या बटणांची उंची वाढली.

वाचनमात्र

‘पूर्ण’चा ‘पण’ झालेला मीही पाहिला आहे. व्यवहार पूर्ण झाला की त्यात काही पण आहे, हे कळेना.

बोरू

कडीपाट, तुम्ही हे मोजलेत याचा मला मनापासून आनंद झाला. देवनागरी पडद्यावर नीट उभी राहावी यासाठी र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकारांनी किती कष्ट घेतले याची अनेकांना कल्पना नसते. विंडोजवरचा ‘मंगल’ हा टंक त्यांनीच घडवला. त्यांच्या पिढीची सगळी शिकवण हाताने अक्षर लिहिण्यातून आलेली होती.

अर्धमात्रा

सगळ्यांचे मनापासून आभार. रोखठोक यांचा प्रश्न दोन दिवस डोक्यात घोळतो आहे. कठडा पाहताना माझ्याकडे प्रश्न नव्हता हे खरे आहे. पण आता एक प्रश्न माझ्याकडे आला आहे. या आठवड्यात स्टुडिओने मला एका मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या आतील दिशादर्शक पाट्या आणि मजल्यांचा नकाशा यांचे काम दिले आहे. चार मजले, दोन जिने, आणि वाचनकक्ष कुठे आहे हे प्रत्येक येणारा माणूस दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारतो अशी परिस्थिती आहे. भुयारी रेल्वेच्या नकाशाच्या धर्तीवर सगळे सरळ रेषांत मांडावे असा माझा पहिला विचार आहे. याविषयी कोणी सांगू शकेल का?

कडीपाट

हॅरी बेक लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागात आरेखक होता. त्याने 1931 मध्ये सगळे मार्ग उभ्या, आडव्या आणि 45 अंशांच्या रेषांत बसवले आणि स्थानकांमधले अंतर जवळपास सारखे केले. प्रथम नकाशा नाकारला गेला, 1933 मध्ये छापला गेला आणि लोकांनी तो लगेच उचलून धरला. जमिनीखालच्या प्रवाशाला वर काय आहे हे दिसतच नाही, त्याला फक्त कुठे चढायचे, कुठे बदलायचे आणि कुठे उतरायचे एवढेच हवे असते.

पायवाट

म्हणूनच ग्रंथालयात तो जसाच्या तसा उचलू नये असे सुचवते. मासिमो व्हिग्नेल्ली यांनी 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा नकाशा याच शिस्तीने केला. तो आजही पाहताना डोळे निवतात. पण त्यात लांबट सेंट्रल पार्क जवळजवळ चौकोनी झाले होते, उद्याने करड्या आणि पाणी फिकट तपकिरी रंगात होते. तिथला माणूस स्थानकातून वर येतो आणि रस्त्यांच्या चौकटीत चालू लागतो, त्याला ओळखीचे शहर नकाशात सापडेना. तक्रारी झाल्या आणि 1979 मध्ये तो नकाशा बदलला गेला. तुमच्या ग्रंथालयातील माणसालाही जिना, खिडकी आणि खांब डोळ्यांनी दिसत असतात, त्यामुळे नकाशातले जिने प्रत्यक्षाशी जुळलेच पाहिजेत. नकाशा ज्या भिंतीवर लावाल त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या समोरची बाजू नकाशात वर आली पाहिजे.

रोखठोक

या कामात माझी एक सूचना आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने 1958 मध्ये भारतासाठी जो अहवाल लिहिला, त्यात लोट्याचे उदाहरण आहे. त्यांनी लोट्याच्या घाटाचे कौतुक करून विषय संपवला नाही, त्यांनी प्रश्नांची यादीच मांडली. त्यात किती पाणी मावावे, भरल्यावर तोल कुठे राहतो, डोक्यावर आणि कमरेवर तो कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, आतून हात घालून घासता येतो का, असे प्रश्न येतात. तुम्ही वहीत कठडा काढला आहे. त्याच्याखाली असे दहा प्रश्न लिहा. एवढे केल्यास माझा विरोध मी मागे घेतो, कारण मग ते पाहणे माझ्या दृष्टीने काम ठरते.

स्पर्शरेषा

मी या धाग्यावर उशिरा लिहिते आहे. माझी दृष्टी गेली सात वर्षे कमी कमी होत आली आहे. आता मला उजेड, मोठे आकार आणि अगदी जवळ धरलेली मोठी अक्षरे एवढेच दिसते. तरीही शहरातले आनंद मलाही आहेत आणि ते इथे कोणी लिहिले नाहीत म्हणून लिहिते.

पदपथावरच्या उठावाच्या फरशा आपण सर्वांनी पाहिल्या असतील. लांबट पट्ट्या म्हणजे चालत राहा आणि गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे कड किंवा वळण आहे. सेइइची मियाके यांनी त्या 1965 मध्ये शोधून काढल्या आणि 1967 मध्ये जपानमधील ओकायामा येथे अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसवल्या गेल्या. पातळ तळव्याची चप्पल घालून मी त्यांच्यावरून चालते तेव्हा पट्ट्या पायाखालून ओळीसारख्या सरकतात आणि ठिपके आले की पूर्णविराम लागतो. कुठे एखादी फरशी दुरुस्तीनंतर आडवी बसवलेली असते, तिथे वाक्य मधेच तुटते. मेक्सिको सिटीची मेट्रो 1969 मध्ये सुरू झाली तेव्हा लान्स वायमन यांनी प्रत्येक स्थानकासाठी एकेक चित्रचिन्ह केले. चापुल्तेपेक या नावाचा अर्थ नाकतोड्यांची टेकडी, म्हणून त्या स्थानकाचे चिन्ह नाकतोडा आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ती चिन्हे जशी उपयोगी, तशी माझ्यासारखीला ठळक एकसंध आकार म्हणूनही उपयोगी. अर्धमात्रा, तुमच्या ग्रंथालयात मजल्याला केवळ आकडा देऊ नका, एक ठळक आकारही द्या.

आणि कठड्याविषयी एक सांगायचे आहे. जिन्याच्या वळणावरचा तो गुळगुळीत भाग तुम्ही डोळ्यांनी पाहिलात. मी असे भाग हातानेच ओळखते आणि अनोळखी इमारतीत तिथे हात पोहोचला की वळण आले हे मला पायांच्या आधी कळते.

निळीशाई

स्पर्शरेषा, तुमचा प्रतिसाद वाचून मी आज ऑफिसच्या जिन्यावर डोळे मिटून हात फिरवला. वळणावर खरोखर फरक जाणवला. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

अर्धमात्रा

तीन आठवड्यांनंतर पुन्हा लिहिते आहे.

रोखठोक यांच्या सांगण्याप्रमाणे कठड्याच्या चित्राखाली प्रश्न लिहिले. सातवा प्रश्न असा होता: लोक वळणावर हात टेकतात, मग त्या क्षणी त्यांची नजर कुठे असते? याचे उत्तर शोधायला मी ग्रंथालयाच्या जिन्यावर दोन दुपारी बसून राहिले. बहुतेक सगळे वळणावर क्षणभर थांबतात, कठडा धरतात आणि मान वर करून पुढच्या मजल्याकडे पाहतात. जुन्या पाट्या मात्र मजल्यावर पोहोचल्यानंतरच्या भिंतीवर होत्या. माणूस प्रश्न विचारतो एका जागी आणि उत्तर लावलेले दुसऱ्या जागी, त्यामुळे तो शेवटी कर्मचाऱ्यालाच विचारतो. मी पुढच्या मजल्याची पाटी वळणावर, कठड्यासमोरच्या भिंतीवर आणली आहे. प्रत्येक मजल्याला एक ठळक आकार दिला आहे आणि तोच आकार वळणावरच्या कठड्यात, हात टेकतो तिथे, पितळेत उठावाने बसवावा असे सुचवले आहे. अक्षरांच्या वर-खाली कडीपाट यांनी सांगितल्याप्रमाणे मोकळी जागा ठेवली आहे, आणि कच्च्या नमुन्यात शिरोरेखा कान्यापेक्षा किंचित बारीक केली आहे. पाटीचा रंग निळीशाई यांच्या पद्धतीने खिडकीशी, दिव्याखाली आणि संध्याकाळी असा तीनदा पाहिला, त्यात माझा आवडता हिरवा संध्याकाळच्या उजेडात भिंतीतच विरघळला, म्हणून तो सोडून द्यावा लागला.

वरिष्ठांनी आराखडा पाहिला आणि पाटी वळणावर का घेतली हे विचारले. मी वही उघडून कठडा दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तो जिना कुठे आहे ते विचारून घेतले.

पोपडे धरलेली पाटी आणि कवडसे यांचे अजून काही झालेले नाही, आणि त्यांचे काही झालेच पाहिजे असे आता वाटतही नाही. रोज सकाळी त्या झाडाखालून जाताना मी पावले जरा हळू टाकते.

रोखठोक

विरोध मागे घेतला. आज गाडीच्या गर्दीत खिडकीपर्यंत मान वळवता आली नाही, पण समोरच्या आसनाच्या मुठीवरचा रंग कुठे कुठे घासला गेला आहे ते मात्र पाहिले. उंच माणसांचा आणि बुटक्या माणसांचा हात वेगवेगळ्या ठिकाणी पडतो.

बोरू

शिरोरेखेच्या नमुन्याचे छायाचित्र जमल्यास इथे लावा. किंचित म्हणजे नेमकी किती बारीक केली आहे ते पाहायचे आहे.

स्पर्शरेषा

कठड्यातल्या पितळी आकाराची कल्पना वाचून डोळे भरून आले. फक्त एक विचारते. वळणावरची पाटी जमिनीपासून किती उंचीवर आहे? मला वाचायला चेहरा अगदी पाटीजवळ न्यावा लागतो आणि उंच लावलेल्या पाटीपर्यंत मी पोहोचत नाही. शिवाय तिथे उभी राहिले तर मागून जिना चढणाऱ्यांची वाट अडता कामा नये.

अर्धमात्रा

उंची सध्या सव्वादोन मीटर धरली आहे, म्हणजे तुमच्यासाठी ती फारच वर आहे. हा विचार माझ्याकडून राहिला होता. उद्या सकाळी टेप घेऊन ग्रंथालयात जाते, वळणावरच्या चौथऱ्याची रुंदी मोजते आणि संध्याकाळी इथे लिहिते.